'ॲक्सेप्ट ऑल कुकीज' आलं की काय दाबायचं, आणि आधी दाबून ठेवलेलं कसं काढायचं

परवा दुपारी एक काकी दुकानात आल्या, छत्री दाराबाहेर ठेवली आणि मोबाईल माझ्या पुढ्यात धरला, "बाय गो, ह्या काय इचारता? दाबू काय?" गुडघेदुखीवरचा एक लेख त्यांच्या मुलीनं मुंबईहून पाठवला होता. तो उघडला तर अर्धा स्क्रीन पांढऱ्या चौकोनानं झाकलेला, त्यात भलंमोठं निळं बटण 'ॲक्सेप्ट ऑल' आणि त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरात 'मॅनेज प्रेफरन्सेस', इतकं बारीक की चष्म्याशिवाय ते बटण आहे हेही कळणार नाही.

कुडाळात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सातबारा, लाईट बिल, स्कॉलरशिप, गणपतीची रेल्वे तिकिटं असं सगळं करते, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनचारदा येतोच. जे विचारत नाहीत ते सरळ निळं बटण दाबतात कारण त्यांना पुढचं वाचायचं असतं, घाईत कोण काय वाचणार. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते, लागेल तसं वाचा आणि घरातल्या मोठ्यांच्या मोबाईलवर तुम्हीच करून द्या.

आधी कुकी म्हणजे काय ते बघू. वेबसाइट मुळात विसराळू असते. तुम्ही एक पान उघडलं आणि मग दुसरं उघडलं तर दोन्ही वेळी माणूस एकच होता हे तिला आपोआप कळत नाही, प्रत्येक पान मागणं ही तिच्यासाठी नवीन गिऱ्हाईकासारखीच गोष्ट. आता आपली गिरणी आठवा. डबा ठेवला की गिरणीवाला चिठ्ठी देतो, त्यावर नुसता नंबर, समजा ४७. तांदूळ घावन्यासाठी बारीक दळायचेत की भाकरीसाठी हे सगळं त्याच्या वहीत ४७ च्या पुढे लिहिलेलं असतं, आपल्याकडे फक्त चिठ्ठी. संध्याकाळी चिठ्ठी दाखवली की तो वही बघतो आणि बरोबर आपला डबा देतो. कुकी ही ती चिठ्ठी, ती तुमच्या मोबाईलमध्ये राहते आणि त्या साइटवर परत गेलात की ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखं साइट उघडायचं ॲप, न विचारता ती पुढे करतो, वही मात्र साइटवाल्याच्या सर्व्हरवर असते. लॉगिन टिकतं ते यामुळे, खरेदीची टोपली भरलेली राहते ती यामुळे, भाषा मराठी निवडली की पुढच्या वेळी मराठीच येते तीही यामुळेच.

ही युक्ती लू माँटुली नावाच्या इंजिनिअरनं १९९४ साली नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीत असताना काढली. तेव्हा दुसऱ्या एका कंपनीसाठी ऑनलाइन दुकानाचं काम चाललं होतं आणि गिऱ्हाईकाची अर्धवट टोपली आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसायची त्या कंपनीची तयारी नव्हती, म्हणून गिऱ्हाईकाच्याच कॉम्प्युटरवर काहीतरी ठेवायचं ठरलं. नावही खाण्याच्या कुकीवरून थेट आलेलं नाही, युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर सिस्टिमवर काम करणारे लोक एका प्रोग्रामनं दुसऱ्याला दिलेल्या खुणेच्या तुकड्याला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणायचे.

बघायची असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कुठलीही साइट उघडून एफ १२ दाबा, वरच्या पट्टीत 'ॲप्लिकेशन' आणि मग डावीकडे 'कुकीज'. एक तक्ता दिसतो. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब काहीही अर्थ न लागणारी माळ, तीच आपली ४७ नंबरची चिठ्ठी, फक्त कुणाला अंदाजानं सांगता येऊ नये म्हणून एवढी लांब. पुढे 'डोमेन' म्हणजे चिठ्ठी कुणाची, आणि 'एक्स्पायर्स' म्हणजे कधीपर्यंत चालणार. तिथं 'सेशन' लिहिलं असेल तर ब्राउझर बंद केला की ती जाते, तारीख असेल तर तोपर्यंत राहते, आणि क्रोम आता ४०० दिवसांपेक्षा लांबची तारीख घेत नाही. एक कुकी जास्तीत जास्त साधारण ४ केबीची, त्यात फोटो नसतो, प्रोग्राम नसतो, व्हायरसही नसतो. माझ्याकडे येणारी पोरं हा तक्ता बघून पहिल्यांदा गप्प होतात, कारण साइट एक उघडलेली असते आणि डोमेनच्या रकान्यात बऱ्याचदा दुसरीच नावं दिसतात.

तीच खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, काळजीची गोष्ट. ज्या साइटवर तुम्ही गेलात तिची स्वतःची कुकी ती फर्स्ट पार्टी. पण त्याच पानावर जाहिरातीचा चौकोन दुसऱ्या कंपनीकडून आलेला असतो, आणि ती कंपनीही आपली चिठ्ठी तुमच्या खिशात घालते, ती थर्ड पार्टी. असं समजा की गिरणीत, किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, बांगड्यांच्या दुकानात सगळीकडे कोपऱ्यात एकाच मालकाची माणसं बसलीत, तुम्ही त्यांच्याकडे काही मागितलेलं नाही, पण प्रत्येक ठिकाणी तुमच्या खिशातली त्यांची एकच चिठ्ठी ते बघतात आणि मालकाच्या वहीत लिहितात, ४७ नंबर सकाळी गिरणीत, अकराला मेडिकलमध्ये, गुडघ्याचं तेल विचारलं. नाव माहीत नसलं तरी माणूस पाठ झाला ना. काकींनी गुडघेदुखीचा लेख वाचला आणि मग रेसिपी बघताना, बातम्या वाचताना तेलाच्या आणि पट्ट्यांच्या जाहिराती यायला लागल्या तर त्या अशाच येतात. हापूसच्या पेटीची जाहिरात मागे लागली तर काय बिघडत नाही, पण आजार, कर्ज, घरातली भांडणं यावरचं वाचनही त्याच वहीत जातं आणि ते मला मुळीच पटत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की दुकानदाराची चिठ्ठी राहू द्या, कोपऱ्यातल्या माणसाची काढा. सगळ्याच कुकी वाईट म्हणून पुसत सुटायचं नाही आणि सगळ्याच घ्यायच्याही नाहीत.

आता तो चौकोन. तो मुळात युरोपातल्या नियमांमुळे आला, २००२ चा एक नियम २००९ मध्ये कडक झाला आणि कुकी ठेवायच्या आधी माणसाची संमती लागते असं ठरलं, मग २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपायचा युरोपचा कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे खरीखुरी संमती पाहिजे असं झालं. २०१९ मध्ये तिथल्या कोर्टानं सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेली डबी म्हणजे संमती नाही. आणि जानेवारी २०२२ मध्ये लोकांच्या माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रान्सच्या सीएनआयएल या सरकारी यंत्रणेनं गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला, कारण हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला अनेक, हे चालणार नाही म्हणून. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आहे, तो नुसत्या कुकीचा नाही तर सगळ्याच वैयक्तिक माहितीचा आहे आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात, संमती मागताना इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला लागणार, म्हणजे मराठीतही, आणि दिलेली संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. काकींना ते मराठीत दिसलं असतं तर त्यांना माझ्याकडे यायलाच लागलं नसतं.

चौकोन आला की 'रिजेक्ट ऑल' किंवा 'ओन्ली नेसेसरी' असं काही दिसतंय का बघा, दिसलं तर ते दाबा, लेख वाचायला बहुतेक वेळा काही अडत नाही. नसेल तर 'मॅनेज' किंवा 'सेटिंग्ज' मध्ये जा, आत साधारण चार खोके असतात. नेसेसरी बंद होतच नाही, ते लॉगिन वगैरेचं. फंक्शनल म्हणजे भाषा आणि आवडीनिवडी, ते ठेवलं तरी चालतं. ॲनालिटिक्स म्हणजे किती लोक आले कुठलं पान वाचलं याची मोजदाद, तुमची मर्जी. मार्केटिंग किंवा ॲडव्हर्टायझिंग मात्र बंद. आणि तिथंच कुठंतरी 'लेजिटिमेट इंटरेस्ट' नावाचा वेगळा भाग असतो, म्हणजे 'आमचं रास्त कारण आहे, संमती लागत नाही' असं कंपन्या म्हणतात तो, त्यातली बटणं बऱ्याचदा आधीच चालू असतात, तीही बंद करा, मग 'सेव्ह' किंवा 'कन्फर्म माय चॉइसेस'. इथं नीट बघा, शेवटी परत मोठं बटण ॲक्सेप्ट ऑलचंच असतं आणि लोक सगळं बंद करून सवयीनं तेच दाबतात, मग सगळं मुसळ केरात.

पण प्रत्येक साइटवर हे करत बसण्यापेक्षा ब्राउझरमध्येच एकदा थर्ड पार्टी बंद करून टाकलेलं बरं. ॲपलच्या सफारीनं मार्च २०२० पासून त्या सगळ्या अडवल्या आहेत, फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटची बरणी वेगळी केली म्हणजे एका दुकानातली चिठ्ठी दुसऱ्या दुकानात दिसत नाही. क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षांत बंद करू, मग तारीख पुढे पुढे गेली, जुलै २०२४ मध्ये बेत बदलला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तसंच ठेवायचं ठरलं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात ॲन्ड्रॉइड आणि त्यात क्रोम, म्हणजे हे आपल्यालाच करायला लागतं.

मोबाईलवर क्रोम उघडा, वर उजवीकडे तीन टिंबं, 'सेटिंग्ज', खाली 'साइट सेटिंग्ज', त्यात 'थर्ड पार्टी कुकीज', आणि 'ब्लॉक' निवडा. झालं. कॉम्प्युटरवर तीन टिंबं, 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'थर्ड पार्टी कुकीज'. व्हर्जनप्रमाणे नावं थोडी इकडची तिकडं होतात पण 'कुकीज' शब्द शोधला की सापडतं. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये 'प्रिव्हेंट क्रॉस साइट ट्रॅकिंग' चालू आहे ना तेवढं बघा. फायरफॉक्समध्ये 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' स्टँडर्डवर असतं तेच पुरे. हे केल्यावर एखाद्या साइटवर दुसऱ्या कंपनीच्या अकाउंटनं होणारं लॉगिन किंवा पानात बसवलेला व्हिडिओ अडला, तर सगळं परत चालू करू नका, त्याच सेटिंगमध्ये तेवढ्या एका साइटला सूट देता येते.

आता आधी साठलेल्या कुकींचं. इथं माझा अनुभव सांगते कारण तीच चूक सगळे करतात. दुकानातला माझा कॉम्प्युटर हळू झाला होता, पावसाळ्याचे दिवस, मी 'डिलीट ब्राउझिंग डेटा' मध्ये जाऊन 'ऑल टाइम' केलं, सगळ्या डब्यांना टिक, आणि पुसून टाकलं. त्याबरोबर माझा ईमेल लॉगआउट. त्या दिवशी एका मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख, तिची सगळी कागदपत्रं माझ्या ईमेलवर आलेली, आणि लॉगिन करायला गेले तर ओटीपी बाबांच्या नंबरवर, कारण ते अकाउंट काढलं तेव्हा घरात मोबाईल फक्त त्यांचाच होता. बाबा वाडीत, आणि आमच्या वाडीत रेंज नाही, रेंज हवी तर वर सड्यावर जायला लागतं. धाकट्या भावाला बाईकवर पाठवलं, तो बाबांचा मोबाईल घेऊन चढेपर्यंत आधी मागवलेला ओटीपी संपलेला, मग त्यानं वरून फोन केला, मी परत मागवला, भर पावसात त्यानं सहा आकडे दोनदा ओरडून सांगितले. साडेपाचला सुरू झालेलं काम साडेआठला संपलं, फॉर्म गेला, पण ती मुलगी तीन तास बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मला अजून दिसते.

त्यामुळे सगळं एकदम पुसू नका. त्रास ज्या साइटचा तिचीच कुकी काढा. ती साइट उघडा, वर पत्त्याच्या डावीकडे एक छोटं चिन्ह असतं ते दाबा, 'कुकीज अँड साइट डेटा', तिथून डिलीट. किंवा 'साइट सेटिंग्ज' मध्ये 'ऑल साइट्स', तिथं नावानं शोधा. साइटचं पान अडकलं, लॉगिन गोल गोल फिरत राहिलं, तर निम्म्या वेळा एवढ्यानंच सुटतं.

सगळं पुसायचंच असेल तर आधी दोन गोष्टी बघा, प्रत्येक महत्त्वाच्या अकाउंटचा पासवर्ड येतो का, आणि ओटीपी ज्या नंबरवर जाणार तो मोबाईल आत्ता हाताशी आणि रेंजमध्ये आहे का. मग फक्त 'कुकीज अँड साइट डेटा' ला टिक ठेवा, 'पासवर्ड्स' ची टिक काढा. 'कॅश्ड इमेजेस' वेगळी गोष्ट आहे, ते साठवलेले फोटो वगैरे, ते पुसले की परत डाउनलोड होतात आणि जिथं रेंजची बोंब तिथं साइट उलट आणखी हळू उघडते, जागा कमी पडत नसेल तर राहू द्या. आणि पुसल्यावर सगळीकडे परत ते चौकोन यायला लागतील, घाबरू नका, तुम्ही 'रिजेक्ट' म्हटलं होतं हेसुद्धा साइटनं कुकीतच लिहून ठेवलेलं असतं, ती गेली म्हणजे तिला परत विचारायलाच लागणार.

इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची ती खाजगी खिडकी, तिच्याबद्दल पण विचारतात. त्यात कुकी तेवढ्यापुरत्या राहतात, सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या की जातात, आणि क्रोम त्यात थर्ड पार्टी आपोआप अडवतो. पण इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं, आणि आत लॉगिन केलंत तर त्या साइटला तुम्ही कोण ते कळतंच. आडोसा आहे, अदृश्य होणं नाही.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरबद्दल, माझ्यासारख्या दुकानात, लॉजवर, कॉलेजच्या लॅबमध्ये. लोक काम झालं की वरची फुली दाबतात आणि उठतात. फुलीनं पान बंद होतं, चिठ्ठी जात नाही. ब्राउझरमध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' चालू असेल तर ब्राउझर पूर्ण बंद केला तरी सेशनच्या कुकीसुद्धा परत येतात, आणि पुढचं गिऱ्हाईक तीच साइट उघडतं तर आत तुमचं अकाउंट, तुमचा ईमेल, तुमची आधारची पीडीएफ. माझ्याकडे एकदा एका काकांनी लाईट बिलासाठी ब्राउझर उघडला आणि आदल्या मुलाचे सगळे मेसेज समोर, काकांनी लगेच मान फिरवली आणि मला हाक मारली, पण प्रत्येक जण मान फिरवेल असं कसं धरून चालायचं. म्हणून फुली नाही, आधी लॉगआउट. लॉगआउट केलं की सर्व्हरवरच्या वहीतून तो नंबर खोडायला सांगितलं जातं, नुसती चिठ्ठी फाडणं आणि वहीतून खोडणं यात फरक आहे. बँक आणि रेल्वेच्या साइट थोडा वेळ हात थांबला की बाहेर काढतात त्याचा राग येतो, पण तो नंबर लवकर मरावा म्हणूनच ते असतं.

मी आता दुकानात गिऱ्हाईकाला गेस्ट खिडकीच उघडून देते, क्रोममध्ये वर उजवीकडे प्रोफाइलच्या गोलावर दाबलं की 'गेस्ट' मिळतं, खिडकी बंद केली की त्यातलं सगळं जातं. शिवाय सेटिंगमध्ये सगळ्या खिडक्या बंद केल्यावर साइटचा डेटा पुसायचा पर्यायही चालू ठेवलाय. दुकानवाले वाचत असतील तर एवढं कराच, दोन मिनिटांचं काम आहे, लोक आपल्या विश्वासावर कागद आणून देतात.

आणि फुकट मिळणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकू नका हो. त्यातून येणारे काही व्हायरस नुसत्या पासवर्डच्या मागे लागत नाहीत, ते तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीही उचलून नेतात. लॉगिन झालेली कुकी ज्याच्या हातात तो साइटच्या दृष्टीनं तुम्हीच, त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. असं झाल्याचा संशय आला तर तुमच्याकडची कुकी पुसून काही होत नाही कारण चोराकडे तिची नक्कल आहे. आधी स्वच्छ मोबाईलवरून पासवर्ड बदला आणि अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, म्हणजे वहीतलेच सगळे नंबर रद्द होतात.

राहिली गोष्ट ॲपची. हे सगळं करून पण ॲपमध्ये जाहिराती तशाच मागे येतात असं म्हणत बरेच जण परत येतात. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की ती बऱ्याचदा ॲपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथं क्रोमचं सेटिंग लागू नाही, म्हणून कोपऱ्यातल्या टिंबांमधून 'ओपन इन ब्राउझर' करून वाचा. आणि ॲपमधल्या जाहिराती मुळात कुकीवर नाही तर बऱ्याचदा मोबाईलच्या जाहिरात आयडीवर, म्हणजे जाहिरातींसाठी मोबाईलला दिलेल्या नंबरवर चालतात, ॲन्ड्रॉइडवर सेटिंग्ज, 'गुगल', 'ॲड्स' मध्ये 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' आहे, आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'ट्रॅकिंग', तिथं ॲपना विचारायची परवानगीच बंद करता येते. काकींचं हेही मी करून दिलं, थर्ड पार्टीही अडवली, आणि लेखावर 'रिजेक्ट ऑल' मला तिसऱ्या पानावर सापडलं ते त्यांच्याच बोटानं दाबायला लावलं, म्हणजे पुढच्या वेळी कुठं असतं ते त्यांच्या लक्षात राहील. लेख उघडला, त्यांनी तिथंच बाकड्यावर बसून पूर्ण वाचला.